वरून ओतलेले पाणी

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईहून 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. त्याची जाहिरात 'केसरी'कडे पाठविण्यात आली होती. ती फुकट छापा अशी विनंती नव्हती. जाहिरातीचे पैसे द्यायची तयारी होती. तरीही 'केसरी'ने ती छापली नाही. पुढे 'बहिष्कृत भारता'त बाबासाहेबांनीच ही गोष्ट लिहून ठेवली, आणि तेव्हापासून आपल्या चळवळीच्या इतिहासात ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते. ब्राह्मणी वृत्तपत्रसृष्टीच्या जातिद्वेषाचा पुरावा म्हणून आपण ती सांगतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु या घटनेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बाबासाहेबांना लिहिण्याची मनाई नव्हती. छापण्याचीही नव्हती. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले होते, छापखाना मिळाला होता, संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर होते. अडले ते पोचण्यापाशी. मराठी वाचणाऱ्या माणसाच्या दारापर्यंत जाणारा जो मोठा रस्ता होता, त्याच्या तोंडाशी एक मालक बसला होता आणि या रस्त्याने कोणाला जाऊ द्यायचे ते तो ठरवीत होता. आपल्या वाङ्मयीन चर्चेत अभिव्यक्तीचा विचार खूप झाला. वाहतुकीचा झाला नाही. शब्द कोणी उच्चारला याची आपण नोंद ठेवतो, तो शब्द कोणाच्या गाडीतून, कोणाच्या तारेतून आणि कोणाच्या मर्जीने गेला याची ठेवत नाही.

'नेट न्यूट्रॅलिटी' म्हणून जो वाद गेली वीस-पंचवीस वर्षे जगभर चालू आहे, तो मुळात या वाहतुकीचा वाद आहे. मराठीत त्याला नेट-तटस्थता म्हणावे. अर्थ सरळ आहे: इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीने वाहतूक करावी, कोणाचा मजकूर जाऊ द्यायचा, कोणाचा अडवायचा, कोणाचा रेंगाळत ठेवायचा, कोणाचा फुकट आणि कोणाचा पैसे घेऊन न्यायचा हे तिने ठरवू नये. हा प्रश्न तांत्रिक म्हणून तंत्रज्ञांवर सोपवला जातो, आणि आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते 'हा शहरातल्या संगणकवाल्यांचा प्रश्न' म्हणून तो झटकून टाकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हे झटकणे आपल्याला परवडणारे नाही. कारण ज्या समाजाला पाणवठा, रस्ता, देऊळ, शाळा आणि वृत्तपत्र या प्रत्येक सार्वजनिक गोष्टीच्या दाराशी थांबवून 'तू कोण?' असे विचारले गेले, त्या समाजाइतका या प्रश्नाचा अनुभव दुसऱ्या कोणाला असणार?

'केसरी'ने दार लावले तरी 'मूकनायक' वाचकांपर्यंत गेलाच. तो टपालाने गेला. १८५४ च्या कायद्याने हिंदुस्थानात अंतर न पाहता एकच दर लागू झाला होता: पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात कोठूनही कोठेही. वृत्तपत्रांनाही वजनावर सवलतीचा दर होता. टपालाच्या थैलीत 'केसरी' आणि 'मूकनायक' शेजारीशेजारी पडत असतील आणि त्यांच्यावर चिकटवलेल्या तिकिटाची किंमत एकच असेल, ही गोष्ट साधी वाटते. पण त्या काळच्या महाराष्ट्रात ही दोन माणसे शेजारीशेजारी बसू शकत नव्हती. कृष्णराव भालेकरांचा 'दीनबंधु' १८७७ पासून असाच गेला. गोपाळबाबा वलंगकरांचे लेखन आणि शिवराम जानबा कांबळे यांचा 'सोमवंशीय मित्र' हेही याच वाटेने गेले. इंग्रज सरकारला समतेची ओढ होती म्हणून असे घडले, असा भ्रम कोणी करून घेऊ नये. त्याच सरकारने १९१० चा वृत्तपत्र कायदा केला, आणि राजद्रोहाचा वास आला की ते पत्रेही फोडीत होते. परंतु व्यवहारापुरते का होईना, वाहणाऱ्याने वजन पाहावे, जात पाहू नये, असा नियम टपालात होता. त्या नियमाच्या फटीतून आपली पहिली वृत्तपत्रे बाहेर पडली.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा अनुभव याच्याशी जुळतो. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव ज्या देशातून घेतले, त्या देशात १९०५ साली रॉबर्ट अबट यांनी 'शिकागो डिफेंडर' हे वृत्तपत्र काढले. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसाला जाळून मारल्याच्या बातम्या त्यात असत, आणि 'उत्तरेकडे निघून या' असे आवाहन असे. दक्षिणेतल्या गोऱ्यांना हा अंक गावात येणे नको होते. ठिकठिकाणी तो जप्त केला जाई, विकणाऱ्याला धमकावले जाई. तेव्हा आगगाडीच्या पुलमन डब्यांत काम करणारे काळे हमाल त्याचे गठ्ठे दक्षिणेत नेऊन टाकू लागले. एक अंक नाभिकाच्या दुकानात, प्रार्थनाघरात मोठ्याने वाचला जाई, हातोहात फिरे. पहिल्या महायुद्धाच्या काळात काळे लोक लाखोंच्या संख्येने उत्तरेकडे गेले, त्यात या अंकांचा वाटा मोठा होता असे इतिहासकार मानतात. गाडी गोऱ्यांच्या कंपनीची होती. पण डब्यात चढवलेला गठ्ठा उघडून पाहणे हे तिचे काम नव्हते.

तारायंत्राची गोष्ट यापेक्षा वेगळी, आणि आपल्या दृष्टीने जास्त बोलकी आहे. अमेरिकेत १८६० साली पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तार टाकण्याचा कायदा झाला. त्यात असे कलम होते की, सरकारी संदेश सोडले तर कोणाचाही संदेश निःपक्षपातीपणे, ज्या क्रमाने आला त्या क्रमाने पाठवला पाहिजे. आज ज्याला नेट-तटस्थता म्हणतात ते तत्त्व इतके जुने आहे. पण कागदावर तत्त्व असताना प्रत्यक्षात वेस्टर्न युनियन ही तार कंपनी आणि असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था यांची युती झाली. तार एकाची, बातमी दुसऱ्याची, आणि दोघांचे हितसंबंध एक. वृत्तसंस्थेच्या मंडळात असलेल्या पत्रांना स्वस्तात बातमी मिळे. मंडळाबाहेरच्या नव्या पत्राला उभे राहणेच कठीण होई. वाहणारा आणि बोलणारा एक झाला की तिसऱ्याचा आवाज बसतो. १९१० साली तेथे कायद्याने तार आणि टेलिफोन कंपन्यांना 'सर्वांचे वाहक' ठरवावे लागले: येईल त्याचा माल वाजवी दराने न्यायचा, भेद करायचा नाही.

आपल्याकडे हे दुखणे बाबासाहेबांनी नेमके ओळखले होते. १९४० च्या दशकात परकीय वाचकांसाठी लिहिताना त्यांनी तक्रार केली की, अस्पृश्यांना वृत्तपत्र नाही, काँग्रेसची पत्रे त्यांना बंद आहेत, आणि देशभर बातम्या वाटणारी जी असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया ही संस्था आहे तिचा नोकरवर्ग मद्रासी ब्राह्मणांचा आहे. या तक्रारीतला शेवटचा भाग नीट पाहावा. एखाद्या वृत्तपत्राने आपली बातमी छापली नाही तर दुसरे वृत्तपत्र काढता येते. बाबासाहेबांनी एकामागून एक चार काढली. 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने एकट्याने लिहून काढले. पण बातमी वाहून नेणारी नळीच जर एका जातीच्या हाती असेल तर दहा वृत्तपत्रे काढूनही परदेशात, दिल्लीत, मद्रासेत जी बातमी पोचेल ती त्या जातीने गाळलेलीच पोचेल. वृत्तपत्राचा मालक डोळ्यांना दिसतो, त्याच्याविरुद्ध अग्रलेख लिहिता येतो. नळीचा मालक दिसत नाही.

टेलिफोनच्या इतिहासातली एक आख्यायिका जाता जाता सांगण्यासारखी आहे. कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा, प्रेतसंस्काराचा धंदा करणारा एक माणूस होता. असे सांगतात की, टेलिफोन केंद्रात बसणारी बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातली होती, आणि कोणाच्या घरी मृत्यू झाला की ती फोन त्या प्रतिस्पर्ध्याकडेच जोडून देई. चिडून स्ट्रोजरने माणसाशिवाय फोन जोडणारे यंत्र शोधले. त्याचे पेटंट १८९१ चे आहे. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, तिचे मर्म पक्के आहे. त्या दुःखातल्या कुटुंबाला आपला फोन भलतीकडे वळवला गेला हे कधी कळलेही नसेल.

इंटरनेटची रचना करणाऱ्यांनी टपालाचा जुना नियम नव्या तारेत घातला, असे म्हणता येईल. तेथे प्रत्येक मजकुराचे लहान लहान तुकडे होतात; प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो; मधली यंत्रे पत्ता पाहतात आणि पुढे ढकलतात. आत प्रेमपत्र आहे, विद्यापीठाचा निकाल आहे की भीमगीत आहे, हे पाहण्याची त्यांना गरज नाही. म्हणूनच कोणाची परवानगी न घेता कोणीही तेथे काहीही उभे करू शकला. परंतु पुढे तुकडा उघडून आत काय आहे ते पाहणारी यंत्रे निघाली, आणि जोडणी देणाऱ्या कंपन्यांना मोह झाला. २००३ साली टिम वू या कायद्याच्या अभ्यासकाने 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' हा शब्द रूढ केला. २००५ साली मॅडिसन रिव्हर नावाच्या लहानशा कंपनीने इंटरनेटवरून होणारे स्वस्त फोन अडवले, कारण तिचा स्वतःचा टेलिफोनचा धंदा बुडत होता. २००७ साली कॉमकास्ट ही मोठी कंपनी ग्राहकांचे काही व्यवहार गुपचूप तोडत असल्याचे उघडकीस आले. एका वृत्तसंस्थेने खात्री करून घेण्यासाठी बायबलाची प्रत पाठवून पाहिली, तीही अडली. ज्या देशात अध्यक्ष बायबलावर हात ठेवून शपथ घेतो त्या देशात!

भारतात हा वाद एका मोठ्या कंपनीमुळे घरोघरी पोचला. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या फोनला वेगळे पैसे लावण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच काही दिवसांत ते मागे घेतले. यात कुटुंबाचा काय संबंध, असे विचारणाऱ्याने दुबईत गवंडीकाम करणाऱ्या मुलाच्या आईला विचारावे. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, या विषयावर ११८ पानांचे इंग्रजी सल्लापत्र काढले, आणि त्यावर दहा लाखांहून अधिक लोकांनी ईमेलने उत्तरे पाठवली. एप्रिलमध्ये एअरटेलने 'एअरटेल झीरो' ही योजना आणली: जी कंपनी पैसे भरील तिची सेवा ग्राहकाला फुकट. मोठ्या दुकानदाराने रस्त्याचा कर भरावा म्हणजे त्याच्या दुकानात जायला गिऱ्हाइकाला भाडे पडणार नाही, आणि शेजारच्या लहान दुकानात जायचे तर मात्र भाडे पडेल, असा हा प्रकार होता.

खरा पेच पडला तो फेसबुकच्या योजनेने. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीने 'इंटरनेट डॉट ऑर्ग' ही योजना महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झाली. सप्टेंबरमध्ये तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. जो गरीब इंटरनेटचे पैसे देऊ शकत नाही त्याला ठरावीक संकेतस्थळे फुकट: फेसबुक, विकिपीडिया, हवामान, नोकऱ्या, आरोग्य वगैरे. त्यात व्हिडिओ नाही, इंटरनेटवरून फोन नाही. आत कोणी यायचे त्याच्या अटी फेसबुकने ठरवायच्या, आणि सगळी ये-जा फेसबुकच्या यंत्रातून व्हायची.

गरिबांच्या नावाने आलेली योजना होती. म्हणून ती नाकारणे सोपे नव्हते. 'काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे नाही काय? ज्यांच्या घरी वेगवान इंटरनेट आहे ते तत्त्वाच्या गोष्टी बोलतात आणि गरिबाच्या तोंडचा घास काढतात', असा युक्तिवाद केला गेला. तो तुच्छतेने उडवून लावण्यासारखा नाही. फ्री बेसिक्सविरुद्ध लढणारे बहुतेक शहरी, इंग्रजी शिकलेले तरुण होते हे खरेच आहे. मग आपण कोणाच्या बाजूला उभे राहायचे?

याचे उत्तर आपल्या पाणवठ्यावर मिळते. गावातल्या विहिरीचे पाणी महाराला, मांगाला, चांभाराला मिळत नव्हते असे नाही; ते मिळे, आणि फुकट मिळे. तो विहिरीपासून दूर उभा राही, वाट पाही. कोणा सवर्णाला दया आली की तो पोहऱ्यातले पाणी उंचावरून त्याच्या घागरीत किंवा ओंजळीत ओती. पाण्याची किंमत तेथे शून्य होती. प्रश्न पोहऱ्यावर हात कोणाचा, एवढाच होता. कधी ओतायचे, किती ओतायचे, भांडण झाले की बंद केव्हा करायचे, हे वरचा हात ठरवी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो ठराव आपल्या हद्दीत मान्य केला. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंच्या समुदायासह चवदार तळ्यावर गेले, ते आम्हाला घागरभर जास्त ओता असे सांगायला गेले नव्हते. ओंजळ स्वतःच्या हाताने भरायला गेले होते. पुढे सवर्णांनी तळे आपले खाजगी आहे, वहिवाटीने आपले आहे, असा दावा लावला, आणि तो १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात फेटाळला जाईपर्यंत दहा वर्षे गेली. सार्वजनिक गोष्ट खाजगी असल्याचा दावा कसा केला जातो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

फ्री बेसिक्स म्हणजे वरून ओतलेले पाणी होते.

२८ डिसेंबर २०१५ रोजी फेसबुकचे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांनी एका मोठ्या इंग्रजी दैनिकात लेख लिहून या योजनेची बाजू मांडली. त्यात महाराष्ट्रातला एक शेतकरी होता, गणेश. फ्री बेसिक्समुळे त्याला हवामान कळले, बाजारभाव कळले, तो नव्या पिकात पैसे घालू लागला, असे त्यांनी सांगितले. गणेशला आडनाव नव्हते. महाराष्ट्रात आडनावाशिवाय शेतकरी भेटणे किती अवघड, हे झुकेरबर्ग यांना कोणी सांगितले नसावे. त्याला जमीन किती, ती कोणाच्या नावावर, त्याच्या शेतावर मजुरी करणाऱ्या बाईकडे फोन होता काय, हे प्रश्न त्या लेखात येणे शक्य नव्हते. त्याच लेखात त्यांनी वाचनालयाचा दाखला दिला होता: वाचनालयात सगळी पुस्तके नसतात, तरी ते उपकारकच असते. दाखला चांगला आहे. पण ज्यांच्या आजोबांना वाचनालयाच्या पायरीवर उभे केले जात नसे ते लगेच विचारतील की पुस्तके निवडतो कोण? प्रकाशकानेच वाचनालय काढले आणि त्यात आपलीच आणि आपल्याला चालतील तीच पुस्तके ठेवली तर त्याला दुकान म्हणतात.

फेसबुकने वृत्तपत्रांची पानेच्या पाने विकत घेऊन जाहिराती दिल्या, चौकाचौकांत फलक लावले. १९२० साली पैसे घेऊनही ज्या जाहिरातीला जागा मिळाली नव्हती तिची आठवण येथे होते. आपल्या वापरकर्त्यांकडून एकाच नमुन्याची लाखो पत्रेही फेसबुकने ट्रायकडे पाठवायला लावली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती, आणि सल्लामसलतीचे असे मतदान करून टाकण्याबद्दल ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये कंपनीला कडक शब्दांत सुनावले.

याच जानेवारीत, १७ तारखेला, हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याने आणि त्याच्या निलंबित सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या आवारात जो 'वेलिवाडा' उभा केला होता, त्याची दखल तोवर मोठ्या वृत्तपत्रांनी फारशी घेतली नव्हती. त्याचे शेवटचे पत्र काही तासांत देशभर पसरले. ते फोनमधून फोनमध्ये गेले, आणि वृत्तपत्रे त्याच्यामागून आली. दहा वर्षांपूर्वी असे झाले नव्हते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा तिची खरी हकीकत बाहेर यायला आठवडेच्या आठवडे लागले, आणि ती आणली ती आपल्या कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांनी, पत्रकांनी, ईमेलने आणि ब्लॉगवरच्या लेखनाने.

यावर कोणी म्हणेल, रोहितचे पत्र तर फेसबुकवरच फिरले. फिरले, यात शंका नाही. परंतु ते तेथे फिरू शकले कारण तेथून बाहेर जायला सगळीकडे वाटा होत्या: 'राउंड टेबल इंडिया'सारख्या आपल्या संकेतस्थळांकडे, 'दलित कॅमेरा'सारख्या व्हिडिओ वाहिनीकडे, विद्यार्थ्यांच्या सभांच्या चित्रफितींकडे. फ्री बेसिक्सच्या भिंतीआड यांतले काय काय राहिले असते? व्हिडिओ मुळातच वर्ज्य होता. आणि 'दलितांच्या बातम्या' ही कोणाच्या दृष्टीने मूलभूत गरज ठरली असती? 'बेसिक्स' म्हणजे मूलभूत. कोणाला मूलभूत काय, हे दुसऱ्याने ठरवण्याला आपल्या भाषेत वर्णव्यवस्था म्हणतात. हवामान आणि बाजारभाव आमच्यासाठी, बाकीचे जग तुमच्यासाठी.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला. मजकूर पाहून इंटरनेटचा दर कमीजास्त करायचा नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. तीन दिवसांत फेसबुकने भारतातली योजना गुंडाळली. त्या रागात, फेसबुकच्या संचालक मंडळावरच्या मार्क अँड्रीसन या अमेरिकन भांडवलदाराने लिहिले की, वसाहतवादाला विरोध करून भारतीयांनी आपले आर्थिक वाटोळेच करून घेतले आहे. ओरड झाली तेव्हा त्याने ते पुसले आणि माफी मागितली. पोहरा हातातून गेला की माणूस कसा बोलतो त्याचा हा नमुना.

'गरीब आता इंटरनेटवाचून राहणार' हे भाकीत वर्षभरही टिकले नाही. त्याच सप्टेंबरात जिओ बाजारात आले, कंपन्यांत दरयुद्ध झाले, आणि एका जीबीला जे दोनशेच्या वर पडत होते ते काही वर्षांत दहा-बारा रुपयांच्या घरात आले. हे पुण्यकर्म नव्हते. भांडवलदारांची आपसातली मारामारी होती, आणि तिच्या शेवटी आज बहुतांश ग्राहक दोन कंपन्यांच्या हाती आहेत. पण तटस्थतेचा नियम आधी झाला असल्यामुळे जे स्वस्त झाले ते सगळे इंटरनेट स्वस्त झाले, त्याचा एक निवडलेला कोपरा नव्हे. वस्तीतल्या एका घरातला एकच फोन आज काय काय करतो ते पाहावे. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर त्यातूनच भरला जातो. बार्टीच्या परीक्षेची जाहिरात त्यातच दिसते. धाकटा २०२० च्या टाळेबंदीत त्यातच शाळा शिकला. बाप भीमजयंतीची नवी गाणी त्यावर ऐकतो, आणि ती गाणी गाणाऱ्या पोराने ती कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीच्या दारात न जाता चढवलेली असतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड, जे एके काळी शासकीय ग्रंथागारात खेटे घालूनही मिळत नसत, ते त्याच फोनवर उघडतात. यांतल्या एकासाठीही कंपनीला वेगळा टोल द्यावा लागत नाही. तो द्यावा लागला तर पहिल्यांदा गळेल ते गाणे आणि पुस्तक; अर्ज गळायला थोडा वेळ लागेल.

तटस्थतेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती जोडणीपुरती आहे. फेसबुक, यूट्यूब आपल्या आवारात कोणाला पुढे आणतात, कोणाची पोस्ट गाडतात, हे तिच्या कक्षेत येत नाही. शिवीगाळ करणारा मोकळा राहतो आणि शिवीची तक्रार करणाऱ्याचे खाते बंद होते, हा अनुभव आपल्याला आहेच. सरकारने जिल्ह्याचे इंटरनेटच बंद केले तर तटस्थतेचा नियम काही करू शकत नाही. तो कायदा वेगळा, १८८५ च्या तार कायद्यापासून चालत आलेला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही उरलेला. म्यानमारमध्ये २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने नमूद केले की, तेथे बहुतेकांना फेसबुक म्हणजेच इंटरनेट, आणि रोहिंग्यांविरुद्धचा विखार त्याच्यावरून पसरला. एकाच दारातून सगळे गाव ये-जा करू लागले की दारवान आणि दरोडेखोर दोघांचेही काम सोपे होते.

नियम झाला म्हणजे लढा संपला असेही नाही. अमेरिकेत २०१५ साली तटस्थतेचा भक्कम नियम झाला, डिसेंबर २०१७ मध्ये तो रद्द झाला, एप्रिल २०२४ मध्ये परत आला आणि २ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने तो पुन्हा मोडीत काढला. त्या वादात काळ्या लोकांच्या काही जुन्या नामवंत संघटना कंपन्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांना त्याच कंपन्यांकडून देणग्या मिळत होत्या. तरुणांच्या नव्या संघटना विरुद्ध बाजूला होत्या, कारण पोलिसांच्या गोळीबाराच्या चित्रफिती त्यांनी याच तारेतून जगाला दाखवल्या होत्या. आपल्याकडेही देणग्या घेणाऱ्या संस्थांची उणीव नाही.

भारतात २०१८ मध्ये तटस्थतेचे तत्त्व परवान्यांच्या अटींत आले. पण २०२३ पासून दूरसंचार कंपन्यांची संघटना नवी मागणी करीत आहे: ज्यांचा मजकूर आमच्या तारेतून जास्त जातो त्या मोठ्या कंपन्यांनी आम्हाला वेगळा वाटा द्यावा. मागणी गूगल आणि नेटफ्लिक्सकडे बोट दाखवून केली जाते, त्यामुळे ऐकणाऱ्याला तिच्यात काही वावगे वाटत नाही; श्रीमंताने श्रीमंताला पैसे द्यावेत, आपले काय जाते? जाते ते असे की, ग्राहकाने तारेचे पैसे एकदा भरलेले आहेत, आणि मजकुराच्या दारात दुसरा टोलनाका एकदा उभा राहिला की त्याच्यावर कोणाला किती आणि कोणाला माफ, हे पुन्हा तारेचा मालक ठरवणार. याविषयीच्या २०२३ च्या सल्लापत्रावर देशभरातून उत्तरे गेली. कंपन्यांनी आपली दिली, ग्राहकांच्या संघटनांनी दिली. ती सगळी ट्रायच्या संकेतस्थळावर आहेत, कोणालाही वाचता येतात, आणि पुढचे सल्लापत्र निघेल तेव्हा मराठीतून टाइप केलेले एक पानही तेथे पाठवता येते.